वाचकांचे प्रश्न : न्यायाधीश मतांनी की नेमणुकीनं?

माझी मुलगी ह्यूस्टनला असते. तिनं नमुना मतपत्रिकेचा फोटो पाठवला, त्यात न्यायाधीशांच्या नावांची भलीमोठी यादी होती. अमेरिकेत न्यायाधीश खरंच निवडून देतात? मग आपल्याकडे का नाही?
– एक वाचिका, सुदामानगर, इंदूर

खरंच देतात, पण सगळीकडे नाही. अमेरिकेच्या केंद्रीय न्यायालयांतला एकही न्यायाधीश निवडून येत नाही. तिथं राष्ट्राध्यक्ष नाव सुचवतात, सिनेट मंजुरी देते आणि नेमणूक तहहयात असते. निवडणुकीचा मामला राज्यांच्या न्यायालयांचा. सुमारे ३८ राज्यांत सर्वोच्च न्यायालयाच्या न्यायाधीशालाही कधी ना कधी मतदारासमोर जावंच लागतं. तुमच्या मुलीचं टेक्सास त्यातलं कडक उदाहरण. तिथं जिल्हा न्यायालयापासून राज्याच्या दोन सर्वोच्च न्यायालयांपर्यंत (दिवाणीचं वेगळं, फौजदारीचं वेगळं) सगळे न्यायाधीश पक्षाच्या नावावर उभे राहतात. जिल्हा न्यायाधीशाची मुदत चार वर्षं, वरच्यांची सहा.

एवढी नावं मतदाराला ठाऊक असणं शक्य नाही. मग तो पक्ष बघतो. २०१८ मध्ये ह्यूस्टनच्या हॅरिस काउंटीत वारं डेमोक्रॅटिक पक्षाचं होतं आणि त्या पक्षाचे जवळपास साठ न्यायाधीश एका दिवसात निवडून आले. त्यांच्यासमोर हरलेल्यांत चांगलं काम केलेलेही होते, पण त्यांच्या कामाकडे कुणी पाहिलंच नव्हतं. तेव्हा टेक्सासमध्ये एकच खूण करून पक्षाची सगळी यादी निवडता यायची. ती सोय २०२० पासून बंद झाली.

ही पद्धत आली कुठून, हे समजून घेण्यासारखं आहे. सगळे न्यायाधीश निवडून देण्याचं ठरवणारं पहिलं राज्य मिसिसिपी, साल १८३२. न्यूयॉर्कनं १८४६ मध्ये तेच केल्यावर रांगच लागली. त्यामागे न्यायाधीशांना ताब्यात ठेवण्याचा डाव नव्हता. गव्हर्नर आणि विधिमंडळ आपल्या माणसांची सोय न्यायालयात लावत होते, ती साखळी तोडायची होती. म्हणजे निवडणूक सुरू झाली तीच मुळी न्यायालयाच्या स्वातंत्र्यासाठी. लगाम सरकारच्या हातातून काढला आणि शंभरेक वर्षांत तो पक्षाच्या आणि देणगीदाराच्या हातात गेला.

मी कायद्याच्या दुसऱ्या वर्षाला आहे. निवडून आलेला न्यायाधीश लोकांना उत्तरदायी असतो, हा तर गुणच झाला. त्यामुळे स्वातंत्र्य कमी होतं, असं नेमकं कशावरून म्हणतात?
– एक विद्यार्थी, रामबाग, इंदूर

पैसा आणि तारीख, या दोन गोष्टींवरून.

आधी पैसा. वेस्ट व्हर्जिनियात २००२ मध्ये मॅसी या कोळसा कंपनीविरुद्ध ज्यूरीनं ५ कोटी डॉलरचा निकाल दिला. अपील राज्याच्या सर्वोच्च न्यायालयात जाणार, हे उघड होतं. २००४ मध्ये त्याच न्यायालयाच्या एका जागेची निवडणूक आली. कंपनीच्या प्रमुखानं एका उमेदवाराच्या बाजूनं सुमारे ३० लाख डॉलर खर्च केले. उमेदवार जिंकला. अपील आलं तेव्हा त्यानं बाजूला व्हायला नकार दिला आणि ३ विरुद्ध २ मतांनी निकाल कंपनीच्या बाजूनं फिरला. त्या तीन मतांतलं एक त्याचं. २००९ मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयानं त्याचं हे बाजूला न होणं घटनाबाह्य ठरवलं, पण तेही ५ विरुद्ध ४ असं काठावर. लक्षात घ्या, न्यायाधीशानं लाच घेतल्याचं कुणीच म्हटलं नव्हतं. सगळा खर्च कायद्यात बसणारा होता, आणि खरी अडचण तीच आहे. विस्कॉन्सिनमध्ये २०२५ च्या एप्रिलमध्ये एकाच जागेसाठी दोन्ही बाजूंचा मिळून खर्च १० कोटी डॉलरच्या घरात गेला.

आता तारीख. पेनसिल्व्हेनियात न्यायाधीशाला दर दहा वर्षांनी 'ठेवायचा की काढायचा' या मताला सामोरं जावं लागतं. तिथल्या हजारो फौजदारी शिक्षा तपासून २००४ मध्ये एक अभ्यास प्रसिद्ध झाला. मतदान जवळ येतं तसतशा शिक्षा लांबत जातात, असं त्यात दिसलं. गुन्हा तसाच, कायदा तोच, बदललं फक्त कॅलेंडर. याचं कारण सरळ आहे. जास्त शिक्षा दिली म्हणून न्यायाधीशाविरुद्ध जाहिरात निघत नाही, कमी दिली की निघते.

तुम्ही विचाराल, पक्ष आणि विरोधी उमेदवार काढून टाकले तर? तोही प्रयोग झाला. मिझुरीनं १९४० मध्ये मधला मार्ग काढला. वकील, सामान्य नागरिक आणि न्यायाधीश यांची समिती तीन नावं काढते, गव्हर्नर त्यातलं एक नेमतो आणि काही काळानं मतदाराला फक्त 'हो' किंवा 'नाही' विचारतात. बहुतेक वेळा 'हो'च येतं. पण एखादा निकाल डोळ्यांवर आला की तेच मत शस्त्र होतं. कॅलिफोर्नियात १९८६ मध्ये मुख्य न्यायाधीश रोझ बर्ड आणि त्यांचे दोन सहकारी फाशीच्या प्रश्नावरून घरी गेले. आयोवाच्या सात न्यायाधीशांनी २००९ मध्ये समलिंगी विवाहाच्या बाजूनं एकमतानं निकाल दिला. २०१० मध्ये त्यातल्या तिघांची पाळी मताला आली आणि तिघेही पडले. उरलेल्या चौघांनी तोच निकाल दिला होता, पण त्यांची तारीख त्या वर्षी नव्हती.

मेक्सिकोनं तर २०२५ मध्ये अख्खी न्यायव्यवस्थाच टप्प्याटप्प्यानं मतदानाला लावायला सुरुवात केली. १ जूनला केंद्रीय न्यायालयांसाठी प्रत्येकाच्या हातात सहा रंगांच्या सहा मतपत्रिका. सर्वोच्च न्यायालयाच्या ९ जागांसाठी ६४ उमेदवार, आणि मतदारानं पसंतीच्या उमेदवाराचा क्रमांक चौकटीत हातानं लिहायचा. इतके आकडे कुणाच्या लक्षात राहणार? म्हणून आधीच छापलेल्या चिठ्ठ्या वाटल्या गेल्या. परीक्षेतल्या कॉपीला तिथं 'अकॉर्डियन' म्हणतात, तेच नाव या चिठ्ठ्यांना पडलं. मतदान झालं सुमारे १३ टक्के. ज्याच्याकडे चिठ्ठ्या वाटायला माणसं, त्याचेच न्यायाधीश येणार, हे सांगायला राज्यशास्त्र शिकावं लागत नाही.

निवडणुकीच्या बाजूनं एक गोष्ट मात्र मान्य करायला हवी. २०१८ च्या त्याच ह्यूस्टनमध्ये सतरा कृष्णवर्णीय स्त्रिया एकाच वेळी न्यायाधीश झाल्या. बंद खोलीतल्या नेमणुकीनं हे इतक्या लवकर कुठंच झालेलं नाही.

आपल्याकडे 'कॉलेजियम' हा शब्द रोज पेपरात येतो. हायकोर्टाचा न्यायाधीश नेमका कोणत्या पायऱ्यांनी नेमला जातो आणि फाइल अडते कुठं?
– एक निवृत्त बँक कर्मचारी, लष्कर, ग्वाल्हेर

तुमच्या गावात आणि इंदुरात खंडपीठ असलं तरी फाइल सुरू होते जबलपूरला. मध्य प्रदेश उच्च न्यायालयाची मंजूर पदं ५३, आणि तिन्ही पीठांसाठी नावं काढणारा मुख्य न्यायमूर्ती एकच.

जागा रिकामी होण्याच्या सहा महिने आधी मुख्य न्यायमूर्तींनी प्रस्ताव सुरू करावा, असं कार्यपद्धतीचं लेखी टिपण सांगतं. ते आणि त्यांच्यानंतरचे दोन ज्येष्ठ न्यायमूर्ती मिळून नावं ठरवतात. नावं ठरवणारा ज्येष्ठ न्यायमूर्तींचा हा गट म्हणजेच कॉलेजियम. घटनेच्या अनुच्छेद २१७ प्रमाणे उमेदवारानं दहा वर्षं उच्च न्यायालयात वकिली केलेली असावी किंवा दहा वर्षं न्यायिक पद सांभाळलेलं असावं. वकील असेल तर वय, सरासरी उत्पन्न आणि त्यानं चालवलेल्या प्रकरणांचे निकाल कागदावर मागतात.

तिथून प्रस्ताव मुख्यमंत्री आणि राज्यपालांकडे जातो. त्यांना सहा आठवडे. उत्तर आलं नाही तर राज्याला काही म्हणायचं नाही असं धरून पुढं जाता येतं. दरम्यान गुप्तवार्ता विभागाचा अहवाल येतो. केंद्रीय कायदा मंत्रालय सगळं बांधून सर्वोच्च न्यायालयाकडे पाठवतं. तिथल्या कॉलेजियममध्ये सरन्यायाधीश आणि दोन ज्येष्ठ न्यायमूर्ती बसतात, आणि त्या राज्याच्या उच्च न्यायालयातून वर आलेल्या न्यायमूर्तींचं मत लेखी घेतात. (सर्वोच्च न्यायालयासाठी नाव काढायचं असेल तर सरन्यायाधीशांसोबत चार असतात.) २०२४ च्या डिसेंबरपासून उमेदवाराला समोर बसवून बोलण्याचीही पद्धत सुरू झाली आहे. शिफारस मग पुन्हा मंत्रालय, पंतप्रधान, राष्ट्रपती अशी जाते. शेवटी नेमणुकीचा आदेश निघतो आणि राज्यपाल शपथ देतात.

सरकार नाव एकदा परत पाठवू शकतं. न्यायमूर्तींनी तेच नाव पुन्हा पाठवलं तर नेमणूक करणं सरकारवर बंधनकारक आहे. हे १९९३ आणि १९९८ च्या निकालांनी ठरलं. फाइल अडते ती इथंच. 'बंधनकारक' आहे, पण किती दिवसांत, हे त्या निकालांत नव्हतं. २०२१ च्या एप्रिलमध्ये सर्वोच्च न्यायालयानं मुदती घालून दिल्या. गुप्तवार्ता अहवालाला ४ ते ६ आठवडे, राज्याचं मत आणि अहवाल हातात आल्यावर केंद्राला ८ ते १२ आठवडे, नाव पुन्हा पाठवल्यावर ३ ते ४ आठवडे. मुदत मोडली तर काय, याचं उत्तर तिथंही नाही. त्यामुळे सरकारला 'नाही' म्हणावं लागत नाही. फाइल नुसती ठेवून दिली तरी भागतं. वर्ष-दीड वर्ष वाट पाहून चांगला चालणारा वकील आपली संमती मागे घेतो, कारण तोवर पक्षकार 'साहेब तर जज होणार' म्हणून दुसरीकडे गेलेले असतात.

मुन्सफ कोर्टातले जजसुद्धा कॉलेजियमच नेमतं का?
– एक वाचक, देवास

नाही. खालच्या न्यायालयात परीक्षा असते. मध्य प्रदेशात सिव्हिल जज (कनिष्ठ) भरतीची पूर्वपरीक्षा, मुख्य परीक्षा आणि मुलाखत उच्च न्यायालयच घेतं. २० मे २०२५ च्या निकालानंतरच्या भरतीत किमान तीन वर्षांची वकिली लागते. ती तात्पुरत्या नोंदणीच्या तारखेपासून मोजतात आणि दहा वर्षं अनुभवाच्या वकिलाचा दाखला जोडावा लागतो. जिल्हा न्यायाधीशाच्या थेट भरतीसाठी वकिलाला सात वर्षं हवीत. पुढची बढती, बदली, गोपनीय शेरा हे सगळं अनुच्छेद २३५ नं उच्च न्यायालयाच्या हातात आहे. कलेक्टर किंवा मंत्री सिव्हिल जजची बदली करू शकत नाही. तहसीलदार आणि एसडीएम यांचं 'कोर्ट' वेगळं. ते महसूल आणि प्रशासनाचे अधिकारी आहेत, त्यांची बदली सरकार करतं. दोन्हींना लोक 'कोर्टात गेलो होतो' म्हणतात आणि गल्लत होते.

म्हणजे नेमलेला न्यायाधीश पूर्ण स्वतंत्र, असं समजायचं का? वकील संघाच्या निवडणुकीचे फ्लेक्स पाहिले की जजही असे निवडून यायला नकोत असंच वाटतं, पण नेमणुकीतही काही गडबड होते असं ऐकतो.
– एक वाचक, मांडवी, वडोदरा

फ्लेक्सबद्दल एकमत. दुसऱ्या शंकेचं उत्तर तुमच्या गुजरातमध्येच सापडतं.

आणीबाणीत, १९७६ मध्ये, सोळा उच्च न्यायालयीन न्यायाधीशांच्या त्यांच्या संमतीशिवाय बदल्या झाल्या. त्यातले एक गुजरात उच्च न्यायालयाचे न्या. सांकळचंद शेठ. त्यांना आंध्र प्रदेशात पाठवलं. ते रुजू झाले, पण आपल्याच बदलीला त्यांनी आव्हान दिलं. १९७७ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं संमती आवश्यक नाही असं म्हटलं, पण बदली शिक्षा म्हणून करता येणार नाही आणि सरन्यायाधीशांशी सल्लामसलत खरीखुरी हवी, हेही बजावलं. तोवर सरकार बदललं होतं, आणि त्यांना गुजरातेत परत पाठवण्याची तयारी नव्या सरकारनं दाखवली.

दिल्लीचं उदाहरण अधिक बोचरं आहे. १९७५ मध्ये पत्रकार कुलदीप नय्यर यांच्या स्थानबद्धतेविरुद्ध निकाल देणारे दोन न्यायाधीश होते. एकाची गुवाहाटीला बदली झाली. दुसरे, न्या. आर. एन. अग्रवाल, 'अतिरिक्त न्यायाधीश' होते. त्यांना कायम केलं नाही, ते पुन्हा सेशन्स जज झाले. अनुच्छेद २२४ खालची अतिरिक्त न्यायाधीशाची नेमणूक जास्तीत जास्त दोन वर्षांची असते. आता टेक्सासची चार वर्षं आठवा. तिथला न्यायाधीश मतदाराकडे परत जातो, हा दोन वर्षांनी नेमणाऱ्याकडे परत जातो. पहिल्या नेमणुकीला वाट कोणती होती, याला महत्त्व आहेच. पण आत आल्यावर पुन्हा कुणाचं दार ठोठवावं लागतं का, हे आधी बघायला हवं. निवडणुकीची पद्धत वाईट ठरते ती मुख्यतः या पुन्हा जाण्यामुळे.

बढतीचंही तेच. संसदेला घटनेचा मूळ गाभा बदलता येणार नाही, असं सांगणारा केशवानंद भारती खटल्याचा निकाल २४ एप्रिल १९७३ ला लागला. लगेच पुढच्या दिवशी सरकारविरुद्ध मत देणाऱ्या न्या. शेलत, हेगडे आणि ग्रोव्हर या तिघांना डावलून न्या. ए. एन. राय यांना सरन्यायाधीश करण्याचं जाहीर झालं. तिघांनी राजीनामे दिले. १९७६ मध्ये स्थानबद्धांच्या खटल्यात एकट्यानं विरोधी मत देणारे न्या. एच. आर. खन्ना १९७७ च्या जानेवारीत असेच डावलले गेले. तो खटला ज्या नावानं ओळखला जातो ते नाव आपल्याच जबलपूरचं आहे. स्थानबद्धांच्या बाजूनं निकाल देणाऱ्या नऊ उच्च न्यायालयांत मध्य प्रदेशही होतं, ही आठवण इंदूर-ग्वाल्हेरच्या वाचकांनी ठेवावी.

कॉलेजियम आल्यावर हे थांबलं का? उघड डावलणं थांबलं. पण २०१९ च्या मे महिन्यात गुजरातचेच न्या. अकील कुरेशी यांची मध्य प्रदेशचे मुख्य न्यायमूर्ती म्हणून शिफारस झाली, केंद्रानं ती मान्य केली नाही, आणि सप्टेंबरमध्ये कॉलेजियमनं शिफारस बदलून त्रिपुरा केली. मध्य प्रदेशाची ५३ पदं, त्रिपुराच्या उच्च न्यायालयात मोजके न्यायमूर्ती. फरक काय तो वाचकांना कळतो.

पगाराच्या बाबतीत घटनाकारांनी भोक ठेवलेलं नाही. उच्च न्यायालयाच्या न्यायाधीशांचं वेतन राज्याच्या संचित निधीवर भारित असतं, विधानसभेत त्यावर मतदान होत नाही आणि ते मध्येच घटवता येत नाही. काढायचं तर संसदेच्या दोन्ही सभागृहांत एकूण सदस्यांचं बहुमत आणि हजर राहून मतदान करणाऱ्यांपैकी दोन-तृतीयांश लागतात. सूचनेवरच लोकसभेच्या १०० किंवा राज्यसभेच्या ५० सदस्यांच्या सह्या हव्यात. आजवर एकही न्यायाधीश या वाटेनं शेवटापर्यंत काढला गेलेला नाही. १९९३ मध्ये न्या. व्ही. रामस्वामी यांच्याविरुद्धचा ठराव काँग्रेस तटस्थ राहिल्यानं पडला, २०११ मध्ये न्या. सौमित्र सेन यांनी राज्यसभेच्या ठरावानंतर राजीनामा दिला.

भोक आहे ते निवृत्तीनंतर. उच्च न्यायालयात ६२ व्या, सर्वोच्च न्यायालयात ६५ व्या वर्षी निवृत्ती. त्यानंतर आयोग, लवाद, राज्यपालपद, राज्यसभा, काहीही मिळू शकतं आणि पुष्कळदा ते देणारं सरकारच असतं. विधी आयोगानं १९५८ च्या चौदाव्या अहवालातच याला हरकत घेतली होती. अजून मधे किमान दोन वर्षांच्या अंतराचाही नियम नाही. आमच्या मते कॉलेजियमच्या वादापेक्षा हा नियम आधी यायला हवा. तो करायला सोपा आहे, आणि सगळेच पक्ष त्यावर गप्प आहेत.

बाबासाहेबांचं याबाबत मत काय होतं? आणि कॉलेजियमऐवजी न्यायाधीश नेमण्यासाठी २०१४ मध्ये आणलेला राष्ट्रीय आयोग परत आणावा का?
– एक वाचक, महू

२४ मे १९४९ ला संविधान सभेत त्यांनी तीन वाटा एकेक करून बाजूला ठेवल्या. ब्रिटनसारखा सगळा अधिकार सरकारकडे नको. अमेरिकेसारखी विधिमंडळाची मंजुरी नको, त्यात राजकारणाचा दबाव येतो. आणि सरन्यायाधीशांची संमती सक्तीची करणंही नको, कारण सरन्यायाधीश कितीही थोर असले तरी माणूसच, त्यांना एकट्याला नकाराधिकार कशाला? म्हणून सल्लामसलत हा मधला शब्द आला. पुढं १९९३ च्या निकालानं त्या शब्दाचा अर्थ जवळपास संमती असाच केला. बाबासाहेबांचं नाव घेऊन कॉलेजियमचं समर्थन करणारे आणि आयोगाचं समर्थन करणारे, दोघेही ते भाषण अर्धंच वाचतात.

२०१४ च्या आयोगात सहाजण होते. सरन्यायाधीश, दोन ज्येष्ठ न्यायमूर्ती, कायदामंत्री आणि दोन मान्यवर. कुणीही दोघं विरोधात गेले की नाव पडणार. म्हणजे तिन्ही न्यायमूर्ती एकमत असले तरी मंत्री आणि एक मान्यवर पुरेसे. १६ ऑक्टोबर २०१५ ला ४ विरुद्ध १ नं तो रद्द झाला, न्या. चेलमेश्वर विरोधात. आयोगाची कल्पना वाईट नव्हती, तो नकाराचा नियम वाईट होता. इंग्लंडमध्ये २००६ पासून पंधरा जणांचा आयोग काम करतो. अध्यक्ष न्यायाधीश किंवा वकील नसतो, मंत्रीही आत नसतो, आणि जागांची उघड जाहिरात निघते. आपल्याकडे उच्च न्यायालयासाठी अर्ज करण्याची सोयच नाही. तुमचं नाव कुणाच्या तरी लक्षात यावं लागतं, आणि लक्षात येतात ती बहुधा ओळखीतली.

माझा दिवाणी दावा चालू आहे. जज समोरच्या बाजूचे वाटतात. काय करता येईल?
– एक वाचिका, राजवाडा परिसर, इंदूर

आधी हे तपासा की 'वाटतं' ते कशावरून. अर्ज फेटाळला, तारीख दिली नाही, रागावून बोलले, यावर दावा दुसरीकडे हलत नाही. त्यासाठी अपील किंवा पुनरीक्षण आहे. नातं, आर्थिक हितसंबंध, त्याच प्रकरणात आधी वकील म्हणून केलेलं काम, असं ठोस काही असेल तर आधी त्याच न्यायालयात लेखी सांगा. पुष्कळ न्यायाधीश स्वतःच बाजूला होतात. नाही झाले तर दिवाणी प्रक्रिया संहितेच्या कलम २४ खाली जिल्हा न्यायाधीशांकडे किंवा उच्च न्यायालयाकडे बदलीचा अर्ज करा. फौजदारी खटला असता तर नव्या नागरिक सुरक्षा संहितेचं कलम ४४८ सेशन्स जजकडे आणि ४४७ उच्च न्यायालयाकडे.

वर्तनाची तक्रार वेगळी. ती उच्च न्यायालयाच्या दक्षता शाखेकडे जाते, सोबत नोटरीसमोर केलेलं शपथपत्र आणि तपासता येईल असा कागद हवा. निनावी पत्र बाजूला पडतं. बदलीचा अर्ज आणि तक्रार एकाच कागदावर लिहू नका. अर्जात आदेशपत्रिकेच्या नकला तारखेप्रमाणे लावा. आदेशपत्रिका म्हणजे ज्या कागदावर रोजची कार्यवाही लिहिली जाते तो, नक्कल विभागात अर्ज करून मिळतो. आणि बदलीच्या अर्जावर निर्णय होईपर्यंत मूळ दाव्याच्या तारखेला हजर राहा. स्थगिती आपोआप मिळत नाही, गैरहजेरीत दावा फेटाळला जाऊ शकतो.